हिरवा म्हणजे आशा

साऱ्या जगाची एकच भाषा असावी, याला नलिनीची काही हरकत नव्हती. तिच्या इरकलीचा पदर कापून असावी, याला होती.

साल सत्याऐंशी. एस्पेरांतो भाषेला शंभर वर्षं झाली म्हणून नलिनीचा नवरा अनंत मुलुंडच्या त्यांच्या गॅलरीत त्या भाषेचा झेंडा लावणार होता. हिरवा झेंडा, कोपऱ्यात पांढरा चौकोन, चौकोनात हिरवा तारा. चौकोन त्याच्या जुन्या बनियनचा होता. बाकी सगळी इरकल.

"अहो, रविवारी आपल्या सुलीचं डोहाळजेवण. तिला मी आता काय नेसवू?"

"अगं, हिरवा म्हणजे आशा."

"हिरवा म्हणजे डोहाळजेवण."

इतक्यात अनंतच्या एस्पेरांतो मंडळाचे दुसरे सभासद शिवदास आले. तिसरा नव्हताच. झेंडा बघून त्यांनी नाक मुरडलं.

"अनंता, तारा जुना झाला यार. शताब्दीची खूण नवी आहे." आणि त्यांनी पेपरच्या कडेला एकमेकांकडे तोंड केलेले दोन 'E' काढले.

"हे कलिंगड आहे," अनंत म्हणाला.

"वहिनी, तुम्ही सांगा, हे कलिंगड आहे?"

"अंडं आहे. नासकं."

मग विश्वबंधुत्वावरून दोघांची जुंपली. मराठीतच, कारण विश्वभाषेत अनंतला फक्त 'नमस्कार' येत होतं आणि शिवदासना 'स्टेशन कुठे आहे'. तेवढ्यावर कुणाचा बाप काढता येत नाही. मंडळ फुटलं, बरोबर मधून. झेंडा पलंगावरच राहिला.

नलिनीने तो दोन बोटांनी उचलला आणि पुन्हा साडीला जोडला. चौकोन निघेना, अनंतने तो खळीने चिकटवून वर शिवला होता. बनियनचा वास तर धुऊनही निघेना.

रविवारी सुली तीच नेसून पाटावर बसली. तारा नेमका पोटावर आला. शेजारच्या मालनताईंनी दुकानाचं नाव विचारलं.

तेवढ्यात शिवदास समेटाला आले. दारातून त्यांना तारा दिसला आणि ते एका पायात चप्पल तशीच ठेवून ताठ उभे राहिले. त्यांना पाहून स्वयंपाकघराच्या दारात अनंतही ताठ. हा यांच्याकडचा काही रिवाज असेल असं समजून बायकाही ओटीचे नारळ धरून उठल्या.

"आई, मीपण उठू?"

"तू बस गं."

"शिवदास," सुलीच्या पोटाकडे बघत अनंत म्हणाला, "तिसरा सभासद."