शालीखालचा बिल्ला

“उजवीकडे लाव गं, उजवीकडे!” लिफ्टमध्येच रोझानने व्हर्नेलच्या कोटावरचा नावाचा बिल्ला उपटला आणि उजव्या खांद्याखाली डकवला. “हात मिळवताना समोरच्याची नजर हातावरून वर चढते, ती थेट नावावर जाते. आणि पेला डाव्या हातात. ओला, गार हात कुणाला आवडत नाही.”

“बावीस वर्षं बस चालवली मी. दोन्ही हात स्टिअरिंगवर, एवढंच शिकलेय.”

“मग आज एक सोड.”

रोझान विधी महाविद्यालयात विद्यार्थ्यांना नोकऱ्यांची वाट दाखवी. व्हर्नेल टॉलिव्हर तेथलीच पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी, वय एकावन्न. टोलिडो शहरातल्या बसचालकांच्या संघटनेतर्फे ती साहेबांशी कडाकडा भांडे आणि बहुधा जिंके. परंतु प्रकरण कोर्टात गेले की बोलायला वकील उभा राही आणि तिला मागच्या बाकावर बसावे लागे. त्या बाकाच्या रागापोटी तिने कायद्याची पुस्तके हाती घेतली होती. आता अडचण एकच होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत वकिलांकडे करायच्या उमेदवारीसाठी तिने जिथे जिथे अर्ज केला, तिथून वयाचा उल्लेखही न करता वय सांगणारे नकार आले. उरली होती वकिलांची ही एक फर्म. आपल्याकडे आजवर न आलेल्या प्रकारच्या माणसांसाठी फर्मने एक जागा राखली होती, आणि मुलाखतीला कोणाला बोलवायचे ते आजच्या मेजवानीत ठरणार होते.

दिवाणखान्याच्या भिंतीवर संस्थापकांच्या तसबिरी होत्या. त्या इतक्या सारख्या होत्या, की एकच गृहस्थ टाय बदलून बदलून बसला असावा. विविधतेचा सोहळा त्याच्याच देखत चालला होता. खोली मात्र अशी गारठलेली, की व्हर्नेलने पिशवीतली लोकरी शाल काढून पांघरली. शालीने थंडी अडवली आणि नावही झाकले. राहिले ते पिकले केस, भरदार अंग आणि बेशिस्त उतारूला जागच्या जागी बसवणारी नजर.

“नमस्कार मॅडम!” एक तरुण पुढ्यात येऊन ताठ उभा राहिला. “मी अन्सेल्मो किरोझ. आपल्या फर्मविषयी मला नितांत आदर आहे.”

“मलाही आहे,” व्हर्नेल म्हणाली. आणि ते खरेच होते.

“माझे आईवडील टोमॅटोच्या शेतांवर मजुरी करायचे. त्या संघर्षानं मला घडवलं. त्या संघर्षानं...” पुढचे पाठांतर सटकले.

“तूही तोडायचास टोमॅटो?”

“उन्हाळाभर.”

“कंटाळा यायचा?”

“खरं सांगू? धमाल यायची. सडके टोमॅटो आम्ही भावंडं एकमेकांना फेकून मारायचो. धाकटीचा नेम भयंकर!”

“मग हे सांग ना लोकांना! ते रडगाणं कशाला? आणि हे बघ बाळा, मीसुद्धा विद्यार्थिनीच आहे.”

“व्वा, मॅडम!” तो भारावला. “खरंय. माणूस आयुष्यभर विद्यार्थीच असतो.”

खिशातले आपले कार्ड शोधण्यासाठी त्याने खाण्याची बशी तिच्या हाती दिली आणि आनंदाच्या भरात विसरून गेला. मग समीरा हद्दाद नावाची विद्यार्थिनी आली. तिने बापाच्या बेकरीतल्या कामगारांचा खटला असा मुद्देसूद मांडला, की व्हर्नेल मध्येच एक हरकत घेतल्यावाचून राहिली नाही. समीराने ती हरकत तिथल्या तिथे खोडली, आणि त्या झटापटीत तिचीही बशी व्हर्नेलकडेच राहिली. पाहता पाहता रांग लागली. पलीकडून रोझान उजवा हात हलवहलवून खुणा करीत होती. पण बश्यांनी दोन्ही हात अडलेल्या बाईने त्या खुणांचे करावे तरी काय?

अखेर फर्मचा भागीदार ग्रॅहम ऑस्ट्रँडर स्वतः आला. व्हर्नेलच्या थोरल्या मुलाच्या वयाचा असेल.

“बघतोय मी, मुलं तुम्हाला सोडायला तयार नाहीत,” तो हसला. “कॉलेजच्या डीन ना तुम्ही? मला मुलाच्या हॉकीच्या सामन्याला पळायचंय. एक नाव सांगा, मॅडम. तुम्ही सांगाल त्याला बोलावतो.”

धावत येणाऱ्यासाठी बसचे दार उघडे धरण्यात व्हर्नेलचे अर्धे आयुष्य गेले होते. पण दार उघडणारी आधीपासूनच बसमध्ये असते. आज ती खाली, रस्त्यावर उभी होती.

“समीरा हद्दाद हुशार आहे,” ती म्हणाली. “मी अडवलं तर मलाच गप्प केलं तिनं. अन्सेल्मो किरोझ पाठांतर विसरला की फार गोड बोलतो. खोटं नाही सांगत, दोघंही चांगली आहेत. पण आणखी एक आहे. हे जरा धरा बघू.”

एका हातात पेला असलेल्या ऑस्ट्रँडरने दोन्ही बश्या निमूटपणे घेतल्या. त्या आवाजापुढे टोलिडोत भलेभले मागच्या सीटवर जाऊन बसले होते. व्हर्नेलने शाल उतरवून हातावर घेतली. तो वाकला. बिल्ला त्याने वाचला, आणि पुन्हा वाचला.

“व्हर्नेल टॉलिव्हर,” ती म्हणाली. “पहिलं वर्ष.” आणि तिने उजवा हात पुढे केला. कोरडा, उबदार.

ऑस्ट्रँडर बश्या ठेवायला टेबल शोधीत इकडे वळला, तिकडे वळला. पेला कलला, एक ऑलिव्ह गडगडत संस्थापकांच्या तसबिरीखाली गेले. व्हर्नेलला घाई नव्हती. लांबून धापा टाकीत येणाऱ्या उतारूसाठी ती जशी बस थांबवून ठेवी, तसाच तिने तो हात पुढे धरून ठेवला.