दामिनीची जागा

मित्रांनो, माझा रंग एकेकाळी पिकल्या केळ्यासारखा पिवळा होता. आता तो उन्हाने विटला आहे आणि माझ्या चाकांखाली गवत वाढले आहे. मी शाळेची एक जुनी व्हॅन आहे. शहाद्याच्या रस्त्यावरच्या एका खाजगी शाळेमागे, कडुनिंबाच्या सावलीत मी उभी असते. दुपारी वारा आला की डोळा लागतो, आणि मग पुन्हा त्या जुन्या सकाळी दिसू लागतात.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. तिथून मी रात्रंदिवस धावत आले आणि सारंगखेड्याच्या पुलावर पहिल्यांदा तापी पाहिली. शाळेच्या संस्थेतले ईश्वरभाई पाटील यांनी माझ्यासमोर नारळ फोडला. छगनभाऊ माझे चालक झाले.

हिवाळ्यात आम्ही निघायचो तेव्हा सगळीकडे धुके असायचे. केळीच्या बागा त्यात बुडालेल्या आणि वर नुसती पाने तरंगत असलेली. उत्तरेकडचा सातपुडा तर कधी असायचा, कधी नसायचा. मुले चढायची, एकमेकांच्या खांद्यावर डोकी ठेवून पुन्हा झोपायची. त्यांच्या श्वासांनी माझ्या काचा ओल्या व्हायच्या. मला वाटायचे, मी रस्त्यावरून नाही, त्यांच्या स्वप्नांमधूनच चालले आहे.

त्याच धुक्यात एक मुलगी रोज पायी जाताना दिसे. तिचे नाव दामिनी. तिची आई रूपलीबाई धडगावकडच्या डोंगरातून कामासाठी खाली आलेली. ब्राह्मणपुरीच्या शिवारात, ईश्वरभाईंच्याच बागेत दोघी राहत. गरिबांच्या मुलांसाठी खाजगी शाळेत काही जागा मोफत असतात, त्या सोडतीत दामिनीचा नंबर लागला होता. फी माफ झाली, पण व्हॅनचे पैसे त्यात नव्हते. ज्यांनी ते भरले त्यांनाच बसवायचे, असा संस्थेचा नियम होता. त्यामुळे पाठीवर दप्तर घेऊन ती चालत राही आणि मी तिच्या अंगावर धूळ उडवत पुढे जाई.

ईश्वरभाईंची मुलगी चेतना तिच्याच वर्गात होती. एके दिवशी तिने विचारले, "छगनकाका, दामिनी पायी का येई ऱ्हायनी? आपली गाडीमा जागा शे ना?"

"मन्हा हातमा नही, बेटा," छगनभाऊ म्हणाले. त्यांनी आरशातून तिच्याकडे पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी दामिनी दिसताच चेतना उठली. "गाडी थांबाडा. मी बी पायी जासू."

ती उतरली आणि दामिनीच्या शेजारून चालू लागली. पुढच्या सकाळी तिच्यामागे तिची मैत्रीण उतरली, मग आणखी काही जण. एका सकाळी तर मी पूर्ण रिकामी झाले. धुक्यात मुलांची रांग हसत-बोलत पुढे चालली होती आणि छगनभाऊ माझे दिवे लावून मला त्यांच्यामागून हळूहळू नेत होते. इतकी हलकी मी कधीच झाले नव्हते. आणि मित्रांनो, इतकी एकटीही.

शाळेच्या फाटकात नेमके ईश्वरभाई उभे होते.

"छगन, गाडी रिकामी का शे?" त्यांचा आवाज चढला.

छगनभाऊंचा चेहरा उतरला. नोकरी गेली, असेच त्यांना वाटले असावे. तेवढ्यात चेतना मध्ये आली. "बापू, काकाले बोलू नका. दामिनीले गाडीमा बसू देत नहीत, म्हणून आम्ही उतरनूत."

ईश्वरभाई वळून आत गेले. पण संध्याकाळी ते माझ्यात बसून बागेवर गेले. रूपलीबाई केळीची सुकलेली पाने कापत होती.

"उद्यापासून दामिनीला व्हॅनमध्ये पाठव," ते म्हणाले. "पैसे नकोत."

रूपलीबाईने विळा खाली ठेवला. "फुकट नको, भाऊ. शाळेतली जागा तिच्या हक्काची आहे. गाडी तुमची आहे. उद्या कोणी माझ्या पोरीला उतर म्हटलं तर?"

मग तीच म्हणाली, "तुमच्या गाडीत बाई नाही. लहान पोरं उतरताना पडतात. मला ठेवा. मी त्यांना सांभाळते. माझी पोर माझ्या कामावर माझ्याबरोबर येईल."

व्हॅनवर बाई नेमायची हे संस्थेत कधीपासून नुसतेच बोलले जात होते. ईश्वरभाई मान डोलावून म्हणाले, "सोमवारपासून ये."

मग माझी सुखाची वर्षे सुरू झाली. रूपलीबाई एकेकाला हात धरून चढवी. कोणी रडले तर मांडीवर घेई आणि आपल्या डोंगराच्या बोलीत काहीतरी गुणगुणे. मुलांना शब्द कळत नसत, तरी झोप लागे. दामिनी आणि चेतना खिडकीजवळ बसून काचेवरच्या ओलाव्यात बोटाने डोंगर काढत.

पण मोफत जागा आठवीपर्यंतच होती. नववीला फी आली. ईश्वरभाईंनी संस्थेत शब्द टाकला, अर्धी फी माफ झाली. उरलेली अर्धीही रूपलीबाईच्या आवाक्याबाहेर होती. चेतना म्हणाली, "मी बापूले सांगस." दामिनीने तिचा हात धरून तिला थांबवले. तिने शहाद्याच्या अनुदानित हायस्कुलात नाव घातले.

जूनमध्ये शाळा उघडली. रूपलीबाई नेहमीसारखी माझ्यात आली. तिने सगळ्यांची मुले चढवली, दप्तरे लावली. खिडकीजवळची एक जागा मात्र तिने कोणाला दिली नाही, तिथे ती स्वतःच बसली. फाट्यावर मागून लाल एसटी आली आणि आम्हाला ओलांडून गेली. तिच्या खिडकीत दामिनी होती, मुलींच्या मोफत पासावर निघालेली. आईने हात हलवला नाही. मांडीवरचे मूल जागे झाले असते. ती फक्त बघत राहिली आणि पाठीमागे चेतना खिडकीला कपाळ टेकून रडत होती.

मित्रांनो, माझी धावण्याची मुदत संपली. आता नवी बस आहे, रूपलीबाई तिच्यावर जाते. दामिनी बारावीला आहे. सुट्टीत ती आणि चेतना माझ्या सावलीच्या बाजूला बसून अभ्यास करतात. तेव्हा मी अगदी गप्प असते.

मला रंग लावा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. सांगायचे ते एवढेच. फी माफ झाली तरी शाळेपर्यंतचा रस्ता उरतो, आणि तो सगळ्यांना सारखा नसतो. तुमच्या वर्गात कोणी मोफत जागेवर शिकत असेल तर त्याला वेगळे समजू नका. आणि उद्या तुमच्या गाडीत एखादी जागा रिकामी दिसली, तर चालककाकांना नक्की विचारा की तिथे कोण बसायला हवे होते.