पाठीवरची पत्रं

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे, आणि एका जागी शांत लटकणं मला अजूनही जमत नाही. तुमच्या शाळेच्या सभागृहाची खिडकी जराशी उघडी राहिली की मी लागलोच हलायला! तुम्ही प्रार्थनेला डोळे मिटून उभे असता तेव्हा मागे जे सारखं फडफडतं ना, तो मीच. सर वळून माझ्याकडे रागाने बघतात. मला कान नाहीत म्हणून वाचलो, नाहीतर रोज पिळले गेले असते.

माझा हा स्वभाव जन्मापासूनचा नाही, तो मला लागला. कसा, ते सांगतो.

एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. तिथे नाटकांचे पडदे तयार व्हायचे. जाड कापडाच्या पट्ट्या जोडून, सगळे जिला आत्या म्हणत त्या बाईने मला शिवलं, जमिनीवर अंथरलं आणि माझ्या अंगाला सरस आणि खडूची पूड फासली. मग आत्याची भाची अनवाणी माझ्या अंगावर चढली. तिच्या हातात काठीला बांधलेला ब्रश होता. उभ्या उभ्या, माझ्यावर चालत चालत तिने जंगल रंगवलं. अहाहा, काय त्या गुदगुल्या! तिला सगळे ब्रशवाली म्हणायचे. मीही तेच म्हणतो.

तिथे रंगाचे डबे ढवळायला एक तरुण होता. फार बोलायचा नाही. ब्रशवाली दिवसभर बडबडायची आणि तो ढवळायचा. त्याने ढवळलेल्या रंगात एक गुठळी सापडली तर शपथ! पण त्याला फिरायची भारी हौस. ज्या नाटक मंडळीने मला बनवून घेतलं, तिच्याबरोबर तोही निघाला. दारात उभा राहून म्हणाला, "एक हंगाम फिरून येतो." ब्रशवालीने मान हलवली. आणि ब्रश उलट्या टोकाने रंगात बुडवला.

मंडळीत त्याला माझी दोरी ओढायचं काम मिळालं. म्हणून तो दोरीवाला. मी वर जायचं, खाली यायचं. तो माझ्यामागे डाव्या कोपऱ्यात, छोटा कंदील घेऊन बसायचा. समोर टाळ्यांचा पाऊस! लोक म्हणायचे, "जंगल बघा, पानं हलल्यासारखी वाटतात!" माझी छाती फुगायची. पाठीकडे मात्र कुणी बघत नसे. पडद्याची पाठ कशाला कोण बघतंय?

हंगाम संपला, दुसरा लागला. मंडळी आज या गावात, उद्या त्या गावात. तेव्हा खिशात फोन नव्हते. ब्रशवालीची पत्रं टपालाने यायची ती आम्ही गाव सोडल्यावर. आमच्यामागे फिरून फिरून बिचारी थकून परत जायची.

मग एकदा मी फाटलो. खराखुरा, खिळ्यात अडकून. दुरुस्तीला शेडवर गेलो. ब्रशवालीने मला पालथं घातलं, फाटलेलं शिवलं, आणि तिच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, तपकिरी रंगात बारीक ब्रश बुडवून तिने माझ्या पाठीवर, अगदी डाव्या कोपऱ्यात लिहिलं, "तू गेल्यापासून माझं एक झाड सरळ येत नाही. आत्या विचारते, जंगलात वारा सुटलाय का गं? निळ्या रंगात गुठळ्या राहतात. मी आभाळ दोनदा पुसलं."

आत्याने पाहिलंच. "अगं ए, पडदा रंगवतेस की पडद्याशी संसार करतेस?"

"आत्या, सुई ओव तू," ब्रशवाली म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली.

दोरीवाल्याने कंदील वर धरून ते वाचलं तेव्हा दोरी त्याच्या हातातून सुटली. राजा महालात असताना मध्येच धाडकन जंगल खाली आलं! मंडळीचे मालक अंगावर ओरडले, पण दोरीवाला हसत होता. त्याने कोळशाने उत्तर लिहिलं, "मी बरा आहे. काल राजा घसरून पडला. लोकांना वाटलं नाटकातच आहे." एवढंच! तीनचार ओळींच्या पत्राला हे उत्तर! मला तर त्याला गुंडाळून दोन गुद्दे द्यावेसे वाटले.

पण हे उत्तर तिच्यापर्यंत पोचवायचं कसं? मी परत फाटायला हवा. मित्रांनो, तुम्ही हसाल, पण दोरीवाल्याने खिशातून खिळा काढला, मला हळूच म्हणाला, "जरा सोस रे," आणि टर्रर्र!

त्यानंतर मी किती वेळा फाटलो ते विचारू नका. मालक वैतागायचे, "हा पडदा आहे की चाळणी?" मला दुखायचं, तरी खिळा दिसला की मी स्वतःच पुढे सरकायचो. मला दोन्हीकडची घाई झाली होती. शेडवर असलो की वाटायचं कधी मंडळीत जातो, मंडळीत असलो की वाटायचं कधी शेडवर. ती तळमळ तिच्या हातून माझ्या धाग्यांत उतरली. तेव्हापासून मी असा.

आणि एक दिवस मालकांनी त्याला खिळ्यासकट पकडलं.

"म्हणजे घरातलाच उंदीर!" ते गरजले. "चल, आजपासून दारावर तिकिटं फाड. तुला फाडायची हौस आहे ना? आणि पडद्यामागे दिसलास तर याद राख."

मी दुरुस्तीला गेलो, पण शेड निम्मी रिकामी होती. आत्याची नजर अधू झाली होती. ती मुलाकडे राहायला जाणार होती. शेड बंद होणार होती. ब्रशवालीला दूरच्या एका कारखान्यात बाहुल्यांचे डोळे रंगवायची नोकरी मिळाली होती. त्या दिवशी तिने मला पालथं घालून शिवलं. मग लिहिलं, "महिनाअखेर कारखान्याची गाडी मला न्यायला येईल. तिथे दिवसभर डोळेच डोळे काढायचे आणि त्यातल्या एकानेही माझ्याकडे ओळखीने बघायचं नाही. आता हा पडदा परत इथे येणार नाही, म्हणून सरळ विचारते." आणि खाली थोडं मोठ्या अक्षरात, "तू येतोस, की मी जाऊ?"

मी परतलो. पण माझ्यामागे आता नवा माणूस बसायचा. कंदील नाही, काही नाही. माझ्याकडे पाठ करून डुलक्या काढायचा. दोरीवाला तिकडे दारावर. एकदा पाण्याच्या निमित्ताने तो आत शिरला, पण मालकांनी कॉलरला धरून बाहेर काढला. त्याला वाटलं असेल, हंगाम संपल्यावर वाचू. त्याला काय ठाऊक आत काय लिहिलंय! महिना सरत चालला. मी फडफडलो, दांड्यावर आपटलो, दोरीला पीळ घातला. प्रेक्षक म्हणाले, "वा, जंगलात वादळाचा काय देखावा केलाय!" आता काय बोलायचं?

शेवटी चंद्र माझ्या मदतीला आला. राजाचं काम करणाऱ्या नटाने हट्ट धरला होता की जंगलाच्या प्रवेशात चंद्र उगवलाच पाहिजे. मालकांनी माझ्यामागे, डाव्या कोपऱ्यात, एक मोठा दिवा ठेवला. संध्याकाळचा खेळ होता. राजा म्हणाला, "अहाहा, काय हा चंद्र!" दिवा लागला. धुऊन, घडी पडून पातळ झालेल्या माझ्या अंगातून झाडांच्या बुंध्याशी गोल उजेड पडला, आणि त्या गोलात उलटी तपकिरी अक्षरं!

पुढच्या रांगेतली एक चिमुरडी ओरडली, "आई, चंद्रावर कुणीतरी गिरवलंय!"

सगळं सभागृह हसायला लागलं. एकटा दारातला माणूस हसला नाही. ब्रशवालीची अक्षरं घाईने पुढे झुकायची. उलटी झाली तरी ती झुकलेलीच होती. हातातली तिकिटं टाकून तो लोकांच्या मधून पळत सुटला आणि थेट मंचावर चढला. राजा क्षणभर गोंधळला, पण नट पक्का! म्हणाला, "प्रधानजी, एवढ्या घाईने?" टाळ्या पडल्या. प्रधानजी केव्हाच माझ्या मागे पोचले होते.

त्याने वाचलं. परत वाचलं. प्रवेश संपला तसे मालक धावत आले. "काळा रंग आणा! सगळी पाठ रंगवून टाका! माझ्या चंद्रावर कुणाचा संसार नकोय मला!"

ब्रश माझ्या पाठीला लागायच्या आत दोरीवाल्याने चाकू काढला आणि तिच्या शेवटच्या ओळीचा तुकडा कापून घेतला. त्या एका जखमेला मी हूं की चूं केलं नाही.

"अरे ए, माझं कापड!"

"परत पाठवतो, मालक."

"आणि तू?"

"माझं काही सांगता येत नाही," तो म्हणाला आणि गेला.

माझी सगळी पाठ काळी झाली. वाकडी झाडं, गुठळ्या, घसरलेला राजा, सगळं त्याखाली बुडालं. कोपऱ्यात भोक राहिलं. त्यातून नव्या माणसाचं नाक दिसायचं. लोक म्हणायचे, जंगलाला नाक फुटलंय. पण माझं त्या हसण्याकडे लक्ष नव्हतं. तो वेळेवर पोचला का? गाडी आधी सुटली का? गावामागून गावं गेली. मी रात्रंदिवस हलत राहिलो.

मग एक पुडकं आलं. आमच्यामागे गावोगाव फिरून शिक्क्यांनी भरलेलं. आत माझा तुकडा! पुढच्या बाजूला तीच झाडं, पण एका झाडाखाली आता दोन बोटभर माणसं पाठमोरी बसली होती. तिच्या हातात ब्रश, त्याच्या हातात दोरी. आणि मागे, "तू येतोस, की मी जाऊ?" याच्या खाली कोळशाने एकच शब्द होता.

"आलो."

दारात तिच्यासमोर उभं राहूनही त्याने तोंडाने न बोलता लिहूनच दाखवलं असणार, मी पैजेवर सांगतो!

तो तुकडा पुन्हा माझ्या अंगात शिवला गेला. पुढे मंडळी मोडली. मी कोठारात धूळ खाल्ली, उंदरांनी मला खाल्लं, आणि शेवटी तुमच्या शाळेत आलो. परवा सर म्हणत होते की सुट्टीत मला पांढरा रंग देऊन सिनेमा दाखवायचा पडदा करायचा. मित्रांनो, माझी ना नाही. जंगल फिकं झालंय, मलाही कळतं. फक्त रंगाचा डबा उघडण्याआधी एकदा माझ्यामागे या. डाव्या कोपऱ्यातलं ठिगळ चाचपून बघा, आणि तेवढं सोडून द्या. सिनेमा चालू असताना कोपऱ्यात बोटभर दोन माणसं बसलेली दिसली, तर तुमचं काय बिघडणार आहे?