रिकाम्या डब्यातली हिरवी पट्टी

मी एक जुनी पट्टी आहे. बोटाएवढी लांब आणि कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. मित्रांनो, कचरा समजून तुम्ही मला फुंकरीने उडवून द्याल. पण जरा थांबा. फुंकरीचीच तर ही गोष्ट आहे.

माझा जन्म प्रयोगशाळेत झाला. समुद्रातले शेवाळ उकळून त्याचा चिकट रस काढला, त्यात जांभळ्या कोबीचा रंग मिसळला, काचेच्या ताटलीत ओतून दोन दिवस वाळवला आणि कात्रीने कापून आम्हा बहिणींना वेगळे केले. आमचे काम एकच. माशाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटून राहायचे. मासा नासू लागला की त्यातून उग्र वायू सुटतो. तो लागला की जांभळ्याच्या हिरव्या व्हायचे. मोकळ्या हवेत आम्ही पुन्हा जांभळ्या होतो.

आम्हाला घडवले प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंनी. अकरा वर्षे त्या आमच्यामागे होत्या. आजाऱ्यांच्या ताटात नासके काही पडू नये, म्हणून आम्ही रुग्णालयांच्या स्वयंपाकघरांत जाणार होतो. त्या महिन्यात शेवटची चाचणी होती. एक जरी पट्टी खोटी ठरली, तरी सारे काम बंद पडणार होते.

आणि खोटी ठरले ती मीच.

माझ्या बहिणींना सहाय्यक तपासत. मी बाईंच्या वाट्याची. त्यांनी ताजा मासा डब्यात ठेवला. थोड्या वेळाने चष्मा कपाळावर चढवला, झाकण अगदी तोंडाजवळ धरले आणि मला न्याहाळू लागल्या. त्यांच्या डोळ्यांदेखत मी कडांपासून हिरवी होत गेले. त्यांनी मासा बदलला. मी पुन्हा हिरवी. डबा बदलला. पुन्हा तेच. शेवटी मला धुतलेल्या, कोरड्या, रिकाम्या डब्यात लावले. दुपारी झाकण निघाले तेव्हा मी जांभळी होते. बाई वाकल्या. डब्यात काहीच नव्हते. तरी मी हिरवी झाले.

एका सहाय्यकाने रिकामा डबा उलटा करून झटकला.

मलाही भीती वाटली, मित्रांनो. मला नाक नाही, डोळे नाहीत. मला फक्त नासणे कळते. आणि त्या स्वच्छ खोलीत काहीतरी नासत होते. ते रोज सकाळी दारातून आत येई, माझ्यावर वाकून बघे आणि संध्याकाळी निघून जाई.

"भूतबित शिरलंय हिच्यात," टक्कल पडलेला सहाय्यक पुटपुटला.

"टाकून द्या तिला," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज दमलेला होता.

काचेची भांडी धुणाऱ्या मावशींनी मला कचऱ्यातून उचलले. माझ्यावर फुंकर मारली. मी जांभळीच. मग त्यांनी मला सहाय्यकापुढे धरले. "मार फुंकर."

"मावशी, वेड लागलंय का?"

"दिवसाला सहा कप विसळायला लावतोस, तेव्हा नाही लागत वेड? मार!"

त्याने मारली. मी जांभळीच. मावशी बाईंच्या टेबलाशी गेल्या.

"बाई, एकदाच हिच्यावर फुंकर मारा. रंग नाही बदलला, तर उद्यापासून तुमचा चहा मी करते."

"म्हणजे शिक्षा मलाच की!" बाई हसल्या आणि त्यांनी फुंकर मारली.

मी या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी झाले. बाईंचे हसू चेहऱ्यावरच थिजले.

"रागावू नका," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "महिनाभर तुमच्या तोंडाला वास येतोय. लवंग चघळता, तरी येतो. पायांवर सूज आहे, चपलेचा पट्टा लागत नाही. माझ्या थोरल्या दिरांचं असंच झालं होतं. मोठ्या माणसाला कसं सांगायचं, म्हणून आम्ही सगळे गप्प बसलो. किडन्या कामातून गेल्या तेव्हा कळलं."

सहाय्यकांनी माना खाली घातल्या. वास सगळ्यांनाच येत होता. बाई बोलायला आल्या की सगळे अदबीने एक पाऊल मागे सरत होते, एवढेच.

बाई त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेल्या. किडन्या मंदावल्या होत्या, आणि नासक्या माशातून सुटतो तसाच वायू त्यांच्या श्वासात उतरत होता. उशीर झालाच होता, पण फार नाही. बहिणी चाचणीत खऱ्या उतरल्या आणि स्वयंपाकघरांत गेल्या. बाई आता मीठ मोजून खातात. मला त्यांनी काचेच्या बरणीत ठेवले आहे. रोज सकाळी त्या झाकण काढून फुंकर मारतात.

आजही मारली. मी जांभळीच राहिले. बाईंनी समाधानाने झाकण लावले.

पण माझा रंग उडत चालला आहे. आज मी जांभळी राहिले ते बाई बऱ्या आहेत म्हणून, की मला आता हिरवे होताच येत नाही म्हणून, हे माझे मलाच कळले नाही. म्हणून सांगते, मित्रांनो, माझ्यासारख्या पट्टीवर विसंबू नका. जवळच्या माणसात काही बदललेले जाणवले, तर पाऊल मागे घेऊ नका. त्याला सांगा.

मला तोंड नाही. तुम्हाला आहे.