जपानवाले पद्माकर

"अहो, बसा बरं एका जागी! तुमच्या येरझाऱ्या बघून मलाच धाप लागली," यामिनी म्हणाली.

पद्माकर बसला आणि लगेच उठला. डब्लिनच्या टॅला उपनगरातल्या त्या स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालायला जागा तरी किती, खिडकीपासून फ्रिजपर्यंत सहा पावलं! टेबलावर लॅपटॉप उघडा होता. तीन वाजता जपानचा ऑनलाइन वर्ग होता, आणि तो शेवटचा होता.

शहरातल्याच बॉल्सब्रिज भागातल्या एका छोट्या ट्रॅव्हल कंपनीतला हा तिकिटं काढणारा कारकून. पण पहिल्यांदा जपानला निघालेल्या आपल्या मंडळींना तिथली रीतभात शिकवायचं काम अकरा वर्षं त्याच्याकडे होतं. वाकायचं किती, टीप का द्यायची नाही, ट्रेनमध्ये फोनवर का बोलायचं नाही, सगळं असं रंगवून सांगायचा की डब्लिनमधले मराठी लोक त्याला 'जपानवाले पद्माकर' म्हणत. आणि या गृहस्थाने जपान पाहिलंच नव्हतं! पहिल्याच वर्गात कुणीतरी विचारलं, "तुम्ही कितीदा गेलात?" आणि ह्याच्या तोंडून निघून गेलं, "दोनदा." मग ते दोनदा त्याला चिकटलंच. २०२०च्या एप्रिलमध्ये कंपनी त्याला गटाबरोबर खरोखर पाठवणार होती, तर नेमका कोरोना आला. आता मार्च २०२१. महिनाअखेर कंपनीही बंद होणार होती. आजचा दिवस खोटं न पकडलं जाता पार पडला की सुटलो, एवढंच त्याला हवं होतं.

गेल्या वर्षी सहल हुकलेल्या नऊ जणांना लिंक पाठवली होती. आली एकटी अलकनंदा, जवळच्या ड्रोहेडा गावातल्या रुग्णालयातली डॉक्टर. वर्षापूर्वीच्या वर्गाला ती आणि तिचा नवरा प्रकाश जोडीने आले होते. प्रकाश मे महिन्यात कोरोनाने गेला, हे पद्माकरला ठाऊक होतं.

"बाकी कुणी नाही का, सर?"

"येतील की. शनिवार आहे ना, होतो उशीर."

"नाही आले तरी चालेल. मला एकच विचारायचंय. त्या दिवशी प्रकाशने त्याच्या चॉपस्टिकमधलं भजं माझ्या चॉपस्टिकमध्ये दिलं, तेव्हा तुम्ही केवढ्याने ओरडलात! का, ते मात्र सांगितलं नाहीत."

पद्माकरला सगळं लख्ख आठवलं. सरावाला यामिनीने कांदाभजी करून दिली होती आणि प्रकाश जरा लाडात आला होता. "असं तिथे मुळीच करायचं नाही," एवढं म्हणून ह्याने विषय बदलला होता. सहलीला निघालेल्या जोडप्यापुढे कसलं अभद्र बोलायचं!

"जाऊ द्या ना, मॅडम. उगाच कशाला?"

"सांगा हो. मी डॉक्टर आहे."

"तिथे दहनानंतर घरचे लोक चॉपस्टिकने अस्थी उचलतात," तो चाचरत म्हणाला. "दोघांनी मिळून. एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या, आणि मग कलशात. म्हणून जेवताना तसं द्यायचं नाही."

अलकनंदाने आपल्या हातांकडे पाहिलं.

"प्रकाश गेला तेव्हा मीही पॉझिटिव्ह होते. खोलीत कोंडलेली. अस्थींचा डबा कुणीतरी दाराशी ठेवून गेलं. माझा हात लागलाच नाही." ती पुढे झुकली. "म्हणजे तिथे खरंच घरची माणसं स्वतःच्या हाताने करतात? तुम्ही पाहिलंय ना?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. एका 'हो'ने बिचारीचं समाधान झालं असतं, ह्याचीही लाज राहिली असती. फडक्याला हात पुसणारी यामिनी दारात थबकली. पण ह्या बाईशी खोटं बोलायची पद्माकरला मनापासून शरम वाटली.

"नाही, मॅडम. मी जपानला गेलोच नाहीये. एकदाही नाही. सगळं पुस्तकातलं. पण हे खरं आहे हो, शप्पथ!"

"अकरा वर्षं?"

"अकरा वर्षं."

आता ही कॉल बंद करणार, वर चार लोकांत सांगणार. त्याचे कान तापले. अलकनंदाने चष्मा काढून डोळे पुसले, आणि बघतो तर काय, ती हसत होती.

"घरी जाताना गाडीत प्रकाश म्हणाला होता, हा माणूस काही जपानला गेलेला वाटत नाही. आम्ही पैज लावली होती. जिंकला की तो!"

पद्माकरला हसावं की रडावं कळेना.

"चला, पुढचं सांगा," ती म्हणाली. "विमानं सुरू झाली की मी जाणार आहे. चुकलं तर सांगायला बरोबर कुणी नाही, तेव्हा नीट शिकवा."

त्याने घसा साफ केला. "कुणाच्या घरी गेलात की दारातच बूट काढायचे. आत पाऊल ठेवायचं, मग मागे वळून, वाकून, बुटांची तोंडं दाराकडे करून ठेवायची. निघताना सोपं जातं."

"थांबा, करूनच बघते."

ती उठून गेली. स्क्रीनवर नुसती खुर्ची राहिली. एवढ्याशा कामाला तिला बराच वेळ लागला. परत येऊन बसली तेव्हा तिचा आवाज शांत होता.

"माझे ठेवले फिरवून. प्रकाशचे अजून तिथेच होते, आत तोंड करून. तेही फिरवले. बरोबर केलं ना, सर?"

"बरोबर," पद्माकर म्हणाला. "अगदी बरोबर केलंत."