डावी टाच

यशवंतने लॅपटॉप सोप्यावरच्या मेजावर ठेवला, पडद्यावर उजेड येऊ नये म्हणून जनेल लावून घेतलं आणि म्हणाला, "बाई, फक्त चाळीस सेकंद बघा. मग सही करा."

मी आत जाऊन स्टॉपवॉच घेऊन आले.

पडद्यावर माझा राखणदार आमच्या नार्वे गावच्या बांधावरून धावत आला. सेकंदाला दोन पावलं. मध्येच त्याने पायांतल्या लोखंडी वहाणा झटकून टाकल्या, पाठीतून निळ्या ज्वाळा निघाल्या आणि तो नदीवरून उडून गेला. मी ते तीनदा बघितलं. पहिल्यांदा चाल, दुसऱ्यांदा पाय आणि तिसऱ्यांदा तळवे.

राखणदारावर मी अकरा पुस्तकं लिहिली, १९८४ ते १९९८ या काळात, डिचोलीच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवून उरलेल्या वेळात. तो बासष्ट फूट उंचीचं लोखंडी यंत्र आहे. खाणीवरच्या मोडीत निघालेल्या डंपरांपासून आणि शॉवेलांपासून गावच्या लोकांनी बांधलेलं. डोक्यात गंगा नावाची फिटर मुलगी बसते. भरतीच्या वेळी तो खाजनाच्या, म्हणजे नदीकाठच्या सखल शेतांच्या, बांधावरून चालतो, नदीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून. एवढंच करतो. प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं वाक्य एकच आहे: त्या दिवशी शेतात पाणी शिरलं नाही.

यशवंतने ही पुस्तकं सातवीत वाचली होती. पुढे तो माझा विद्यार्थी झाला. उत्तरपत्रिकेच्या मागे राखणदाराची चित्रं काढायचा आणि उत्तरात एकक लिहायला विसरायचा. आता मुंबईत होता. एका कंपनीने त्याला तीन चित्रपट द्यायचं ठरवलं होतं, आणि त्यासाठी राखणदाराचे हक्क हवे होते. मुदत शुक्रवारपर्यंत होती. नाहीतर कंपनी परदेशातलं एक तयार यंत्रमानव-प्रकरण घेणार होती आणि दिग्दर्शकही दुसरा. हे त्याने मला सरळ सांगितलं. काही लपवलं नाही, हे त्याच्या बाजूचं.

मी म्हटलं की त्याचा पाय तीस फुटी आहे. एवढा लांब पाय झोके घेत पुढे येतो तेव्हा एका पावलाला अडीच सेकंद लागतात. माणसासारखा धावला तर मांडीचा सांधा तुटेल.

तो म्हणाला की हे हजारात एका प्रेक्षकाच्या लक्षात येईल.

"त्या एकासाठी मी लिहिलं होतं," मी म्हटलं. "तो तू होतास."

तो हसला आणि मान खाली घातली. मग हळूहळू वाद घालू लागला. चालीचं बघता येईल. पण उडणं कंपनीला हवंच होतं. पहिल्या चित्रपटाचा शेवट तोच होता, जाहिरातीतही तेच जाणार होतं. दिवसभर बांधावर चालणारं यंत्र कोण बघणार?

आतून देवकी वयनी चहा आणि उंडे पाव घेऊन आली. ही माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून या घरात आम्ही दोघीच असतो. तिने पडद्याकडे बघितलं आणि यशवंतला विचारलं की याच्या ढुंगणाक आग कित्याक लागली.

"काकी, ते इंजिन आहे."

"बरां. माका वाटला, मिरशेंग खाल्ली."

मी यशवंतला चित्र थांबवायला सांगितलं. राखणदार हवेत होता आणि त्याचे दोन्ही तळवे दिसत होते. मी विचारलं की वहाणांच्या खुणा कुठे आहेत, आणि डावी टाच उजवीसारखी कशी.

संगणकावर एकच पाय घडवतात, त्याने समजावलं. दुसरा त्याचंच आरशातलं रूप असतो. निम्मं काम वाचतं, सगळेच असं करतात.

"माझ्या पुस्तकांत डावी टाच बाहेरच्या कडेला जास्त झिजते," मी म्हटलं. "दर पुस्तकात गंगा वहाणा बदलते, तेव्हा मोजून लिहिलंय."

त्याला आठवत होतं. पण ते कशासाठी आहे, हे त्याला कधीच कळलं नव्हतं. आणि मी कुणाला सांगितलंही नव्हतं.

त्याने कराराचे कागद पुढे केले. नवव्या कलमात लिहिलं होतं की रूपात, चालीत आणि कथेत हवा तो बदल करण्याचा पूर्ण अधिकार कंपनीकडे राहील. मी पेनाने ते कलम आडवं खोडलं.

"बाई, एका टाचेसाठी?" यशवंतचा आवाज चढला नाही, पण चेहरा उतरला. "मला अकरा वर्षांनी पहिला चित्रपट मिळतोय. निदान कारण तरी सांगा."

मी वयनीकडे बघितलं. तिच्यासमोर सांगावं की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं. मग ठरवलं, कारण त्याला कारण मिळायला हवं होतं.

आमच्या बांधाच्या टोकाला गावच्या राखणदाराचं झाड आहे. खरा राखणदार, ज्याच्यावरून मी नाव घेतलं. दरवर्षी त्याच्यासाठी कातडी वहाणांचा नवा जोड तिथे ठेवायचा आणि जुना उचलायचा. जुना झिजलेला असतो, कारण राखणदार गावाची फेरी मारतो. १९७२ साली मी बीएस्सीला होते आणि मला सगळं मोजायचं वेड होतं. सुट्टीत कॉलेजचं व्हर्निअर कॅलिपर मागून आणलं आणि रोज पहाटे त्या वहाणांच्या टाचा मोजू लागले. दोन महिन्यांत डावी टाच बाहेरून चार मिलिमीटर झिजली, उजवी दीड. तळाला बांधावरची चिखलमाती. मग मी दिवसाही नजर ठेवली. वहाणा झाडाखालून नाहीशा व्हायच्या, आणि ती वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकायची.

"भरती," यशवंत म्हणाला.

"भरती. आणि माझ्या वडिलांचा डावा पाय खुब्यातून अधू होता."

गोवामुक्तीनंतर बांधावर माणूस ठेवायची जुनी व्यवस्था मोडली आणि नवी कुणी केली नाही. खेकडे बांध पोखरतात. हाताएवढ्या भोकातून एका भरतीत शेत खारं होतं. माझे वडील न सांगता ते काम करू लागले. राखणदाराच्या वहाणा घालून चालायचे आणि परत जागेवर ठेवायचे. गाव म्हणायचं, राखणदार जागा आहे. वडील त्याला मान डोलवायचे. देवाच्या वहाणा पायात घातल्या हे कळलं असतं तर गावाने त्यांना सोडलं नसतं. मी वही बंद केली आणि कॅलिपर परत केलं.

वयनीने कपबश्या एकात एक ठेवल्या.

"विनू, तुका वाटला तू एकटीच बघतंस," ती म्हणाली. "त्या वहाणांक त्याल कोण लावी? पावसात भिजान त्येंचो धोंडो होय. मामंजी झाडाखाली न्हेवच्या आदी मागल्या दारात ठेवीत, मी त्याल लावून परत ठेवी. त्येनी कधी विचारूक नाय. मीय कधी सांगूक नाय."

ती आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. जुन्या लुगड्यात गुंडाळलेला एक जोड तिने यशवंतच्या मांडीवर ठेवला. वडील गेले त्या वर्षीचा. झाडाखाली नवा ठेवला तेव्हा जुना तिने घरी आणला होता. सेहेचाळीस वर्षं आम्ही एकाच छपराखाली ही गोष्ट दोघी वेगवेगळ्या लपवत होतो.

यशवंतने डावी वहाण उलटी केली. टाचेच्या बाहेरच्या कडेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिला.

"हे पुस्तकात का नाही लिहिलंत?"

"लिहिलं असतं तर लोकांनी त्यांना शिव्या तरी दिल्या असत्या किंवा पाया तरी पडले असते. त्यांना दोन्ही नको होतं. बांध नीट राहायला हवा होता."

मी करार जवळ ओढला आणि खोडलेल्या कलमाच्या खाली लिहिलं: राखणदार उडणार नाही. एका पावलाला अडीच सेकंदांपेक्षा कमी वेळ घेणार नाही. वहाणा काढून टाकणार नाही; झिजल्या की गंगा त्या बदलेल. डावा पाय वेगळा घडवावा, उजव्यावरून उलटा करू नये. डाव्या टाचेची झीज बाहेरच्या कडेला. मग सही केली आणि तारीख घातली.

"कंपनी हे मानणार नाही, बाई."

"नाही तर नाही."

"राखणदाराचा चित्रपट होणार नाही मग. कुणाचाच."

"तुझं नुकसान होईल, ते मला कळतं. त्याचं मला वाईट वाटेल. पण उडणारे तुला पुष्कळ मिळतील, यशवंत. चालणारा एकच आहे, आणि तो उडवायला मी देणार नाही. माझ्यामागेही कुणी देऊ नये, म्हणून लिहून ठेवलं."

पाच वाजून दहा मिनिटांनी भरती होती. मी काठी घेतली. यशवंत लॅपटॉप तिथेच उघडा टाकून माझ्या मागून आला. बांधावर तो माझ्या पायांकडे बघत होता, बहुधा सेकंद मोजत होता. तिसऱ्या माडाजवळ मला आतल्या अंगाला ओल दिसली. मी काठी टोचली तर ती मुठीपर्यंत आत गेली. मला आता वाकता येत नाही. मी त्याला सांगितलं की चिखल कुठून घ्यायचा, किती घट्ट ठोकायचा आणि वर दगड कसा बसवायचा. मुंबईच्या पँटीचे गुडघे टेकून त्याने ते भोक बुजवलं. पाणी बाहेरच्या बाजूने चढत होतं. आतल्या अंगाचा पाझर थांबेपर्यंत तो तिथून उठला नाही.

जाताना त्याने करार पाकिटात घातला. कंपनीला काय सांगणार ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. गाडीत बसल्यावर काच खाली करून त्याने शिकवायच्या दिवसांत घेतलेलं माझं व्हर्निअर कॅलिपर मागितलं, आणि डावी वहाण, चार दिवसांसाठी.

वहाण वयनीने दिली. कॅलिपर मी दिलं, आणि सांगितलं की प्रत्येक आकड्यापुढे एकक लिही.