निरोप न मिळालेला राउटर

मित्रांनो, या हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर रक्त तपासायची लॅब आहे. तिथल्या मोठ्या यंत्रामागे, वायरींच्या गुंत्यात बसलेला जुना राउटर तो मीच. माझा पांढरा रंग आता पिवळट पडला आहे आणि चार दिव्यांपैकी एक कधीच लागत नाही. तरी माझं ऐकून घ्या. माझ्या हातून एक मोठी चूक झाली आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कारखान्यात माझ्यासारखे हजारो होते, त्यामुळे लाड कुणाचेच झाले नाहीत. मला माणसात आणलं ते काकांनी. काका म्हणजे या हॉस्पिटलच्या वायरी आणि कॉम्प्युटर सांभाळणारे. त्यांनी मला खोक्यातून काढून फडक्यानं पुसलं, माझ्या पोटावरचा लांबलचक नंबर आपल्या वहीत उतरवला आणि त्याच्यापुढे लिहिलं, 'थोरला'. हॉस्पिटलातला पहिला राउटर होतो ना मी!

माझं काम साधं, पण जबाबदारीचं होतं. जसा घराला पत्ता लागतो, तसा कॉम्प्युटरलाही लागतो. पत्ता नसेल तर निरोप पोचणार कुठे? सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला की तो सगळ्या वायरींतून हाक मारतो, "मला कुणी पत्ता देता का?" मी तत्काळ द्यायचो. नऊ वर्षं मी हेच केलं. कुणाला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही. काका कौतुकानं म्हणायचे, "आमचा थोरला कधी रुसत नाही."

मग एके दिवशी काकांनी माझी वायर काढली आणि मला लॅबच्या कपाटात ठेवलं. का, ते कुणी सांगितलं नाही. तळमजल्यावर नवा राउटर आला होता आणि त्याचे पत्तेही वेगळे होते. माझे एकशे ब्याण्णव या आकड्यानं सुरू व्हायचे, त्याचे दहानं. त्याच महिन्यात काकाही निवृत्त झाले. पण हे सगळं मला फार उशिरा कळलं. कपाटात मी दोन वर्षं धूळ खात पडलो आणि समजत राहिलो, की मला थोडा वेळ विश्रांती दिली आहे.

एका सकाळी लॅबमध्ये तपासण्या करणाऱ्या ताईंनी कपाट उघडलं. लॅबमध्ये नवं यंत्र आलं होतं आणि भिंतीत वायर लावायला जागा एकच. "अगंबाई, याला तर चार भोकं आहेत! झालं काम," असं म्हणत त्यांनी मला जोडून टाकलं. त्यांच्या मते मी म्हणजे वायरी जोडायची डबी.

मित्रांनो, तो आनंद मी काय सांगू! लॅबच्या कॉम्प्युटरनं हाक मारली. नवा राउटर दूर तळमजल्यावर, मी हाताच्या अंतरावर. त्याच्या आधी मीच उत्तर दिलं आणि माझ्याकडचा जुना पत्ता देऊन टाकला. जित्याची खोड, दुसरं काय!

त्याच वेळी पहिल्या मजल्यावर दोन दिवसांचं एक बाळ होतं. त्याला कावीळ झाली होती. कावीळ किती चढली आहे तो आकडा आल्यावर डॉक्टर मॅडम ठरवणार होत्या, की बाळाचं रक्त बदलायचं का. ताईंनी तपासणी केली, रिपोर्ट पाठवला. तो माझ्या पत्त्याच्या कॉम्प्युटरवरून निघाला आणि दहानं सुरू होणाऱ्या पत्त्यांच्या वॉर्डात पोचलाच नाही.

मॅडमचा फोन आला. "ताई, रिपोर्ट कुठाय?"

"मॅडम, केव्हाच पाठवलाय."

"अहो, इथे काही नाही! बाळाची आई माझ्या तोंडाकडे बघत बसलीय."

तोंडी आकडा घ्यायचा नाही, असा तिथला नियम. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या नव्या कंपनीच्या माणसानं फोनवर सांगितलं, "सगळं बंद करून चालू करा." ताईंनी केलं, वॉर्डानंही केलं. झालं! सुरू होणारा प्रत्येक कॉम्प्युटर पुन्हा हाक मारू लागला आणि मी दुप्पट उत्साहानं पत्ते वाटू लागलो. करायला गेलो मदत आणि झाला घात.

शेवटी ताईंनी आकडा कागदावर लिहिला, सही केली आणि जिन्यानं धावत खाली गेल्या. चाळीस मिनिटं वाया गेली होती. रक्त बदलायला लगेच सुरुवात झाली. परत आल्या आल्या त्यांनी काकांना फोन लावला.

काका घरच्या चपलांवरच आले. कॉम्प्युटरवर पत्ता पाहून म्हणाले, "ताई, आपले पत्ते दहानं सुरू होतात. हा एकशे ब्याण्णववाला कुणी दिला?" मग पत्ता देणाऱ्याचा नंबर त्यांनी शोधून काढला, खिशातली जुनी वही उघडली आणि बोट एका ओळीवर थांबलं.

"थोरला आहे हा. कुठे लावलाय?"

ताईंनी यंत्रामागे बोट दाखवलं आणि त्यांना रडू फुटलं. "काका, मीच लावला हो. बाळाला काही झालं असतं तर?"

"तुम्हाला काय माहीत, ताई. चूक माझी. मला निवृत्त करताना निदान निरोपाचं भाषण तरी झालं. याला मी सांगायलाच विसरलो, की बाबा, तुझं काम संपलं."

मला वाटलं, आता भंगार. पण काकांनी कॉम्प्युटरवरून माझ्या सेटिंगमधली पत्ते वाटण्याची खूण काढली, मला पुन्हा जोडलं आणि पाठीवर चिठ्ठी चिकटवली: 'फक्त वायरी जोडण्यासाठी. पत्ते वाटत नाही.'

मित्रांनो, जुन्या वस्तूला कपाटात ठेवाल तेव्हा तिचं काम आधी नीट काढून घ्या आणि तसं लिहून ठेवा. माणसांच्या बाबतीतही हेच करा. ज्याला निरोप मिळत नाही, तो बिचारा कामावरच असतो.

संध्याकाळी त्या बाळाचा दुसरा रिपोर्ट निघाला. आकडा उतरला होता. लॅबच्या कॉम्प्युटरनं पत्त्यासाठी हाक मारली, तेव्हा माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं. मी गप्प राहिलो. तळमजल्यावरून नव्या राउटरनं पत्ता दिला आणि रिपोर्ट माझ्याच अंगातून वॉर्डाकडे गेला.